नळीतला पीळ

भोवरा फिरतो तोवर उभा राहतो, हे पोरांनाही ठाऊक. गोळीचेही तसेच. १८५३ च्या एनफील्ड रायफलीची नळी ३९ इंच. आत तीन खाचा, ७८ इंचांत एक वेढा. म्हणजे गोळी बाहेर पडेतो अर्धाच वेढा घेई. व्हिटवर्थने षट्कोनी नळीत २० इंचांतच वेढा बसवला. १८५७ च्या चाचण्यांत तिचा नेम सरस ठरला. पिळाने वेग वाढतो म्हणाल, तर नाही. वेग दारूचा, पीळ गोळीला कोलांट्या खाऊ देत नाही, एवढेच.

पण एनफील्डची गोळी नळीत नीट उतरावी म्हणून काडतुसाच्या कागदाला वंगण लावीत, आणि तो कागद दातांनी फाडावा लागे. वंगणात गाईडुकरांची चरबी आहे, ही बोलवा छावण्यांतून पसरली. असंतोष जुनाच होता. १८५७ साली ठिणगी पडली ती इथे. गुरुजी, वर्गात भोवरा फिरवाल तेव्हा हेही सांगा.