व्हार्निशला बॅकएंड सर्व्हर कसा जोडायचा?

मोबाइलवर कधी 'एरर ५०३ बॅकएंड फेच फेल्ड' दिसलंय? म्हणजे पुढचा व्हार्निश चालू आहे, पण त्याला मागच्या मूळ सर्व्हरकडून पान मिळालं नाही.

डिफॉल्ट डॉट व्हीसीएल फाइलमध्ये बॅकएंडचा होस्ट आणि पोर्ट, उदा. १२७.०.०.१ आणि ८०८०, लिहिला की काम सुरू होतं. बरेच जण इथेच थांबतात. मी प्रोब लावल्याशिवाय पुढे जात नाही, कारण प्रोब नसेल तर व्हार्निश बंद सर्व्हरलाही ठणठणीत समजतो. प्रोब डिफॉल्टने दर ५ सेकंदांनी विचारपूस करतो. शेवटच्या ८ पैकी किमान ३ उत्तरं नीट हवीत. राउंड-रॉबिनने दोन सर्व्हर जोडले असतील, तर पडलेला आपोआप वगळला जातो.

दोन्ही पडले तर? ग्रेस वाढवून ठेवा. डिफॉल्ट फक्त १० सेकंद असतो. ६ तास केलात तर कॅशमधलं जुनं पान तरी दिसतं. बातम्यांना हे चालतं, बँक बॅलन्सला अजिबात नाही.