जुन्या एंजिनांची नोकरी

मुंबईच्या उपनगरांतून रोज कचेरीस येणाऱ्या गृहस्थास गाडी म्हटली कीं विजेचीच गाडी डोळ्यांपुढें येते. व्हिक्टोरिया टर्मिनस व कुर्ला यांच्या दरम्यान ती ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं सुरू झाली. परंतु अमेरिकेसारख्या संपन्न देशांत, सॅन फ्रान्सिस्को व सॅन होजे या शहरांमधील नोकरदारांच्या गाड्या २०२४ सालापर्यंत डिझेल एंजिनेंच ओढीत होतीं, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल.

हा सुमारें ७५ किलोमीटरांचा लोहमार्ग १८६४ सालीं सॅन होजेस पोहोंचला. जानेवारी १९५७ मध्यें येथील वाफेचीं एंजिनें निवृत्त झालीं व डिझेलनें त्यांची जागा घेतली. डिझेल एंजिनांत तेल जळून जी शक्ति उत्पन्न होते, तिनें चाकें थेट फिरत नाहींत. तिनें जनित्र फिरतें, आणि त्या विजेवर आंसांजवळच्या मोटारी चालतात. हें एंजिन म्हणजे रुळांवरून धांवणारें लहानसें वीजघरच होय.

नोकरदारांच्या गाडीचें काम मोठें कठीण. लांब पल्ल्याची गाडी एकदां वेग धरला कीं धांवतच राहते. हिला मात्र दर दोन-तीन मैलांवर थांबून पुन्हां चटकन् उचल घ्यावी लागते. म्हणून सदर्न पॅसिफिक कंपनीनें या मार्गावर फेअरबँक्स-मोर्स कारखान्याचीं ‘ट्रेन मास्टर’ एंजिनें लावलीं. १९५३ मध्यें निघालेल्या या एंजिनाची शक्ति २,४०० अश्वांची असून, त्याच्या प्रत्येक सिलिंडरांत समोरासमोर दोन दट्टे असत. पुढें १९८५ सालीं आलेल्या, ३,००० अश्वशक्तीच्या ‘एफ ४० पी एच’ जातीच्या एंजिनांनीं तोच भार जवळजवळ चाळीस वर्षें वाहिला.

मग विजेच्या तारा इतक्या उशिरां कां आल्या? याचें उत्तर बहुतांशीं जमाखर्चांत सांपडतें. उतारूंच्या गाड्यांत तोटा होतो म्हणून कंपनीनें १९७७ मध्यें त्या बंद करण्याची परवानगी मागितली. जो दुकान आवरूं पाहतो, तो नवीन फळ्या कशास ठोकील? १९८० पासून कॅलिफोर्निया राज्यानें तोट्याचा भार उचलला, आणि १९९१ मध्यें एका सार्वजनिक मंडळानें मार्गच विकत घेतला. तेव्हां कोठें दूरचा विचार शक्य झाला. २१ सप्टेंबर २०२४ रोजीं या मार्गावर विजेच्या गाड्या पूर्णपणें सुरू झाल्या. डिझेल एंजिनास स्वतःच्या पोटांतील शक्तीवरच भागवावें लागतें. विजेची गाडी लागेल तेव्हां तारेंतून अधिक घेते, व तिच्या मोटारी अनेक डब्यांखालीं वांटलेल्या असतात. त्यामुळें सर्व स्टेशनें घेणाऱ्या गाडीस जेथें सुमारें १०० मिनिटें लागत, तेथें आतां सुमारें सव्वा तास पुरतो. सॅन होजेच्या दक्षिणेस गिलरॉयकडे तारा नाहींत. तिकडे अद्याप डिझेलच चालतें.

निवृत्त एंजिनांची नोकरी मात्र संपली नाहीं. त्यांपैकीं १९ एंजिनें व ९० डबे पेरू देशांतील लिमा शहरास विकण्याचा करार २०२४ मध्येंच झाला. लिमा ते चोसिका या मार्गावर रूळ आहेत, पण उतारूंसाठीं रोजची गाडी नव्हती. एका शहरास जें जुनें झालें, तें दुसऱ्यास उपयोगी वाटलें.

तेव्हां, विजेच्या गाडींत बसतांना तिच्यासाठीं कोणी तरी तोटा सोसून पुढच्या पिढीचें पाहिलें होतें, हें विसरूं नये. आणि जुनें एंजिन परगांवीं जातें तेव्हां त्याच्याबरोबर त्याचा धूरही जातो, हेंही ध्यानांत असावें.