अमेरिकेतली चार वर्षं: द्राझेन पेत्रोविच आणि परकेपणाचा प्रश्न

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं की तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं खेळाबद्दल कधी बोलतात का. प्रश्न थोडा चिमटा काढणारा होता, पण आम्हाला आवडला. म्हणून आज एका बास्केटबॉल खेळाडूच्या आयुष्याबद्दल बोलू. परदेशात जाऊन खेळणारे खेळाडू आता शेकड्यांनी आहेत. पण ‘परदेश’ या शब्दाचा अर्थ ज्याच्या डोळ्यांदेखत बदलत गेला, असा खेळाडू विरळाच. त्याचं नाव द्राझेन पेत्रोविच.

जन्म 22 ऑक्टोबर 1964, गाव शिबेनिक. एड्रियाटिक समुद्राच्या काठावरचं हे जुनं, दगडी घरांचं गाव. आज ते क्रोएशियात आहे, तेव्हा युगोस्लाव्हियात होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, आपण पुन्हा इथेच येणार आहोत. थोरला भाऊ अलेक्सांदर बास्केटबॉल खेळायचा, त्याच्या मागे हा. शाळेच्या आधी, भल्या पहाटे मैदानावर जायचं आणि बास्केटवर चेंडू मारत राहायचं. ही सवय त्याला पोरवयात लागली आणि शेवटपर्यंत सुटली नाही. त्याच्याबरोबर खेळलेल्या लोकांनी सांगितलेल्या आठवणींत एक गोष्ट हमखास येते: आम्ही पोचलो तेव्हा हा आधीच सराव करून घामाघूम झालेला असायचा.

1983 साली एक विचित्र गोष्ट घडली. शिबेनिकचा संघ, शिबेन्का, पहिल्यांदाच युगोस्लाव्हियाच्या लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. समोर सारायेव्होचा बोस्ना. शेवटच्या क्षणी पंचांनी पेत्रोविचला दोन फ्री थ्रो दिले. अठरा वर्षांचा पोरगा, गावचं सगळं मैदान श्वास रोखून उभं. त्याने दोन्ही टाकले. शिबेन्का 83–82 ने जिंकला, गावात रात्रभर जल्लोष झाला. आणि दुसऱ्या दिवशी महासंघाने निकाल रद्द केला. शेवटच्या शिट्टीत अनियमितता झाली, सामना त्रयस्थ ठिकाणी, नोवी सादला, पुन्हा खेळा, असा हुकूम निघाला. शिबेन्काने नकार दिला आणि विजेतेपद बोस्नाकडे गेलं. आता शिट्टी चुकली होती की नव्हती, यावर तिकडचे लोक आजही भांडतात. आम्ही त्यात पडत नाही. पण एवढं खरं, की आपण जिंकलो हे इतरांनी मान्य केल्याशिवाय जिंकणं पुरं होत नाही, हा धडा या मुलाला फार लवकर मिळाला.

पुढे तो झाग्रेबच्या चिबोना संघात गेला. तिथली वर्षं म्हणजे नुसता धडाका. 1985 साली अथेन्सला रेआल माद्रिदला हरवून युरोपचं विजेतेपद, अंतिम सामन्यात याचे 36 गुण. 1986 साली बुडापेस्टला झाल्गिरिस कौनासला हरवून पुन्हा तेच. त्या संघात अजस्र देहाचा आर्विदास साबोनिस होता, तरीही. लीगच्या एका सामन्यात तर एकट्याचे 112 गुण. अर्थात समोर लुब्लियानाचा कुमार संघ होता, मोठ्या खेळाडूंच्या नोंदणीत घोळ झाला म्हणून पोरं पाठवली होती. हा आकडा सांगताना लोक ही बाब गाळतात. आम्ही गाळत नाही, कारण त्याला मोठा ठरवण्यासाठी या आकड्याची गरजच नाही.

1988 मध्ये तो माद्रिदला गेला. हा त्याचा पहिला परदेश. पण हे परकेपण सुखाचं होतं. जो माणूस चार वर्षं आपल्याला छळत होता त्यालाच रेआलने बोलावून घेतलं होतं. मार्च 1989 मध्ये अथेन्सला कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात, जादा वेळ धरून, त्याने इटलीच्या काझेर्ताविरुद्ध 62 गुण केले. समोरच्या ऑस्कार श्मिटने 44 केले होते. रेआल 117–113 ने जिंकला.

इथे थांबला असता तरी चाललं असतं. युरोपात त्याला मिळवायचं काही उरलं नव्हतं. तरी त्याच वर्षी तो अमेरिकेला, पोर्टलँडला गेला. का गेला? पैशासाठी, असं चटकन म्हणता येतं. आम्हाला ते पुरेसं वाटत नाही. इथे थोडं हेगेलकडे वळतो, घाबरू नका, दोन मिनिटंच. मालक आणि दास यांच्या नात्याचा विचार करताना हेगेल एक मार्मिक गोष्ट दाखवतो. मालकाला मान्यता हवी असते आणि ती दासाकडून मिळतेही. पण ज्याला आपण आपल्या बरोबरीचा मानत नाही त्याच्याकडून मिळालेल्या मान्यतेने समाधान होत नाही. मान्यता बरोबरीच्यांकडूनच यावी लागते. पेत्रोविचचं तसंच झालं होतं. युरोप त्याला राजा म्हणत होता, पण त्याच्या लेखी शेवटचा निकाल एनबीएत लागणार होता.

एनबीएतल्या लोकांना मात्र युरोपातल्या खेळाडूंबद्दल एक ठाम मत होतं: शरीराने नाजूक, बचावात कच्चे, नेमबाजी बरी. पोर्टलँडने त्याला 1986 मध्येच निवडून ठेवलं होतं, तेही तिसऱ्या फेरीत, साठाव्या क्रमांकावर. 1989 मध्ये तिकडे गेलेला तो एकटाच नव्हता. सर्बियाचा व्लादे दिवाच लॉस एंजेलिसला, लिथुआनियाचा मार्चुल्योनिस गोल्डन स्टेटला, वोल्कोव्ह अटलांटाला, पास्पाल्य सॅन अँटोनियोला. बर्लिनची भिंत ज्या हिवाळ्यात पडली त्याच हिवाळ्यात ही मंडळी एनबीएच्या मैदानांवर उतरली. हा निव्वळ योगायोग नव्हे. पूर्व युरोपातले दरवाजे सगळीकडेच किलकिले होत होते.

पोर्टलँडमध्ये त्याच्या जागेवर क्लाइड ड्रेक्सलर होता. पहिल्या मोसमात पेत्रोविचला 48 मिनिटांच्या सामन्यात सरासरी बारा-तेरा मिनिटं मिळाली. संघ अंतिम फेरीत गेला, डेट्रॉइटकडून हरला, आणि हा बहुतेक वेळ बाकावर. दुसऱ्या वर्षी तर मिनिटं आणखी घटली. जो माणूस एका संध्याकाळी 62 गुण करत होता, तो आता प्रशिक्षकाच्या चेहऱ्याकडे बघत बसला होता. आमच्यापैकी ज्यांची मुलं बाहेरदेशी आहेत त्यांना हे समजेल. इथे विभागप्रमुख असलेला माणूस तिथे पुन्हा पहिल्या पायरीवर. पगार बरा असतो, पण कोणी काही विचारत नाही.

या काळात त्याला आधार होता तो दिवाचचा. दोघं युगोस्लाव्हियाच्या संघात खोली वाटून घ्यायचे. अमेरिकेत रोज फोनवर बोलायचे. एक क्रोएशियन, एक सर्ब. पण हा भेद तेव्हा दोघांच्या लेखी नव्हता. ऑगस्ट 1990 मध्ये ब्युनोस आयर्सला त्यांनी मिळून जागतिक स्पर्धा जिंकली. सामना संपताच लोक मैदानात घुसले. त्यांत एकाच्या हातात क्रोएशियाचा झेंडा होता. दिवाचने तो त्याच्याकडून काढून घेतला. त्याचं म्हणणं असं, की हा विजय युगोस्लाव्हियाचा, इथे कोणा एका प्रजासत्ताकाचा झेंडा नको. सर्बियाचा असता तरी हेच केलं असतं. झाग्रेबमध्ये मात्र त्याचा अर्थ वेगळा लागला. पेत्रोविचने बोलणं कमी केलं, मग बंद केलं. 25 जून 1991 ला स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि युद्ध पेटलं.

अॅरिस्टॉटल मैत्रीबद्दल बोलताना सांगतो की नगरांना बांधून ठेवणारी गोष्ट मैत्रीच असते, आणि कायदे करणारे न्यायापेक्षाही तिची जास्त काळजी घेतात. युगोस्लाव्हियात उलटा प्रवाह दिसला. नगर आधी फुटलं, आणि फुटताना मैत्री घेऊन गेलं. आपल्याकडे हे अनोळखी नाही. 1946 च्या इंग्लंड दौऱ्यात विजय हजारे आणि अब्दुल हफीझ भारताच्या एकाच संघात होते. 1952 मध्ये तेच हफीझ, म्हणजे कारदार, पाकिस्तानचे कर्णधार म्हणून दिल्ली-मुंबईत आले आणि हजारे त्यांच्याविरुद्ध खेळले. माणसं तीच, ‘समोरचा’ कोण ते मात्र दुसऱ्यांनी ठरवलेलं.

जानेवारी 1991 मध्ये पोर्टलँडने पेत्रोविचला न्यू जर्सी नेट्सकडे दिलं. संघ सामान्य, जिंकायची सवय गेलेला. पण तिथे त्याला मिनिटं मिळाली, आणि माणूस फुलला. 1991–92 मध्ये सरासरी 20.6 गुण, पुढच्या वर्षी 22.3, आणि तीन गुणांच्या अंतरावरून शंभरातले जवळपास पंचेचाळीस अचूक. नेट्स 1986 नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये गेले. ‘युरोपियन बचाव करत नाहीत’ म्हणणारे गप्प झाले, असं आम्ही म्हणणार नाही, पण त्यांचा आवाज उतरला. तरीही 1993 च्या ऑल-स्टार सामन्याचं बोलावणं आलं नाही. हे त्याला फार लागलं. मोसमाअखेर लीगच्या तिसऱ्या सर्वोत्तम संघात नाव आलं. पण तोवर तो अमेरिका सोडून पुन्हा युरोपात जाणार, अशी चर्चा सुरू झाली होती.

मधल्या काळात बार्सिलोना येऊन गेलं. 1992 च्या ऑलिंपिकमध्ये नव्या क्रोएशियाचा संघ होता. दिवाचचा युगोस्लाव्हिया संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे बाहेर. उपांत्य सामन्यात क्रोएशियाने माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांच्या संघाला 75–74 असं हरवलं, शेवटी पेत्रोविचच्या फ्री थ्रोंनी. शिबेनिकच्या त्या रात्रीसारखंच, फक्त यावेळी दुसऱ्या दिवशी कोणी निकाल फिरवला नाही. अंतिम सामना अमेरिकेच्या ‘ड्रीम टीम’शी, 117–85 अशी हार. याचे 24 गुण. मायकल जॉर्डनसमोर तो ज्या निर्भयपणे खेळला, ते पाहताना 32 गुणांची हार विसरायला होतं.

7 जून 1993. पोलंडमधले पात्रता सामने आटोपून संघ फ्रँकफर्टला आला. बाकीचे विमानाने झाग्रेबला गेले, हा मोटारीने निघाला. बव्हेरियात डेंकेनडोर्फजवळ, पावसात, महामार्गावर आडव्या झालेल्या ट्रकवर मोटार आदळली. तो शेजारच्या सीटवर झोपलेला होता. वय 28.

दिवाच आणि तो पुन्हा बोलले नाहीत. कधीतरी युद्ध संपेल, मग बसू, बोलू, असं दिवाच धरून चालला होता. 2010 साली एका माहितीपटाच्या निमित्ताने तो झाग्रेबला गेला. रस्त्यात लोक त्याच्याकडे वळून बघत होते, सगळ्याच नजरा मित्राच्या नव्हत्या. तो पेत्रोविचच्या आईला भेटला. तिने त्याला घरात घेतलं. मग तो मिरोगोय दफनभूमीत गेला आणि दोघांचा एक जुना फोटो, युगोस्लाव्हियाच्या संघातला, थडग्यावर ठेवून आला.

आज इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.