गाजर गवताची ओळख

यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या धुऱ्यावर, एस.टी. स्टँडमागे, शाळेच्या कुंपणालगत पावसाळ्यात गाजर गवत माजलेले दिसते. नाव मात्र दोन्ही बाजूंनी फसवे. हे गवत नव्हे आणि गाजराच्या कुळातलेही नव्हे. पान तेवढे गाजरासारखे. त्याचे पांढरे इवलेसे 'फूल' भिंगाखाली धरले, की तो अनेक फुलांचा गुच्छ असल्याचे कळते. म्हणजे कूळ सूर्यफुलाचे.

१९५५ साली पुण्यात उकिरड्यांवर ही अनोळखी रोपे आढळली. वनस्पतिशास्त्रज्ञ रोला शेषगिरी राव यांनी ती पार्थेनियम हिस्टेरोफोरस म्हणून ओळखली आणि १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतातील नवी नोंद म्हणून प्रसिद्ध केली. पी.एल. ४८० च्या अमेरिकी गव्हातून हे बी आले, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. पण तो करार ऑगस्ट १९५६ चा. रोपे त्याआधीच उगवली होती. अर्थात अमेरिकी गहू १९५१ पासूनच कर्जाऊ येत होता, त्यामुळे गव्हावरचा संशय पुरता फिटत नाही. शिवाय रॉक्सबर्ग यांच्या कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या १८१४ च्या यादीतही हे नाव आहे! मात्र बागेतल्या त्या रोपांचाच हा वंश, असेही त्यावरून ठरत नाही.

नाव पटले, तरी स्वभाव कळायला रसायनशास्त्र लागले. १९६२ मध्ये अमेरिकेत वेर्नर हेर्ट्झ आणि सहकाऱ्यांनी यातील पार्थेनिन या द्रव्याची रचना उलगडली. पानांवरील सूक्ष्म केसांत ते साठते. त्याचा रेणू त्वचेतील प्रथिनांना चिकटतो आणि शरीर त्यांना परके समजू लागते. निंदणाला जाणाऱ्या बाईच्या पापण्या, मान आणि हात खाजून सुजतात ते यामुळे. वाळलेल्या झाडाची हवेत उडणारी धूळही त्याला पुरते. १९७४ मध्ये लोणकर, मिचेल आणि कॅलनन यांनी या त्वचारोगावर सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. वनस्पतिसंग्रहासाठी मुलांना हे झाड उघड्या हातांनी उपटायला कधीही लावू नये.

या झाडावर जगणारा झायगोग्रामा हा मेक्सिकन भुंगेरा १९८३ मध्ये बंगळूरला आणून पुढच्या वर्षी मोकळा सोडण्यात आला. पुढे तो सूर्यफुलाच्या शेतातही दिसला आणि शेतकरी धास्तावले. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगळूरच्या प्रयोगांनी उलगडा केला: ज्या सूर्यफुलाच्या पानांवर गाजर गवताचे पराग पडले होते, ती पाने भुंगेरे खात होते. ओळख पटवताना त्यांनी पानाचा आकार पाहिलाच नव्हता.