उशिराची शाळा

निवृत्तीनंतर कुणी काही नवं शिकायला घेतलं की आमच्याकडे हमखास विचारतात, "आता या वयात कशाला, गुरुजी?" मला अशा वेळी नवेगावबांध आठवतं. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगाव तिकडे गेलं. त्याआधी ते आपल्या भंडाऱ्याचंच.

तिथला तो मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. भोवतीच्या जंगलाचं १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. मारुती चितमपल्ली तिथे वनाधिकारी होते. जन्म सोलापूरचा, १९३२ चा. वनखात्याचं रीतसर शिक्षण कोइमतूरला झालेलं. पण नवेगावात त्यांना भेटले माधवराव पाटील डोंगरवार. जंगल आणि पाखरं माधवरावांच्या अंगात मुरलेली. हुद्द्याने साहेब असलेला माणूस गावच्या पाटलाकडून शिकू लागला. आदिवासींकडून, पारध्यांकडूनही शिकला. मला यात सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. मी जन्मभर शिक्षक होतो. उत्तर द्यायची सवय जडलेल्या माणसाला प्रश्न विचारणं किती जड जातं हे मला ठाऊक आहे.

पुढे त्यांनी संस्कृतही धरलं. नांदेड, परभणी, पनवेल, पुणे अशा ठिकाणी जुन्या पद्धतीने अध्ययन केलं. जर्मन आणि रशियनही शिकले. हा नुसता छंद नव्हता. हंसदेवाच्या 'मृगपक्षिशास्त्र' या संस्कृत ग्रंथाच्या मराठी अनुवादात त्यांचा हात आहे, म्हणजे शिकलेलं पुन्हा पाखरांपाशीच आलं. बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार हे शब्द त्यांनीच मराठीत रुजवले.

'पक्षी जाय दिगंतरा' हे पुस्तक आलं तेव्हा ते पन्नाशीच्या आसपास होते. १९९० मध्ये निवृत्त झाले आणि कोशांच्या कामाला बसले. पक्षिकोश हे काही आरामखुर्चीतलं काम नव्हे! २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला ते गेले.

लोक म्हणतात, माणसाने स्वतःला नव्याने घडवावं. चितमपल्ली तर शेवटपर्यंत जंगलाचेच राहिले. खातं सोडलं नाही, विषय सोडला नाही. फक्त त्याच जंगलाकडे जाणाऱ्या नव्या नव्या वाटा शोधत राहिले, कधी पाटलाच्या बोलीतून, कधी पाणिनीच्या भाषेतून.

मलाही हल्ली तलावावरच्या पाखरांची नावं लिहून ठेवायची सवय लागली आहे. इंग्रजी नाव पुस्तकात मिळतं. इथलं नाव मासे धरणाऱ्या ढिवरांना विचारावं लागतं. त्यांच्यातला एक जण कधीकाळी माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा. आता तो सांगतो, मी लिहितो. परीक्षा मात्र त्याने अजून घेतलेली नाही.