पटावर न दिसणारी सेना

बुद्धिबळाच्या पटावर गुप्त असें कांहींच नसतें. दोन्ही सेना आरंभापासून समोरासमोर उभ्या असतात. गुप्त राहतो तो केवळ खेळणाऱ्याचा बेत. आपल्याच देशांत जन्मलेला हा खेळ युद्धाचें चित्र आहे खरा. पण प्रत्यक्ष रणांगणावरील सेनापतीला शत्रूचें एकेक प्यादें असें मोजतां येतें काय? टेकडीपलीकडे दहा माणसें आहेत कीं दहा तोफा, हें न कळतांच त्याला हुकूम सोडावा लागतो. हें अज्ञान पटावर कसें आणावें, या एका प्रश्नाचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

त्याचें एक समर्थ उत्तर प्रशियांत मिळालें. तेथील तोफखान्यांतील लेफ्टनंट फॉन राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्यानें, वडिलांची कल्पना पुढें नेऊन, १८२४ सालीं ‘क्रीग्जश्पील’ म्हणजे रणक्रीडेचे नियम प्रसिद्ध केले. चौकटींच्या पटाऐवजीं १:८००० प्रमाणाचा नकाशा आला. एक पाळी म्हणजे युद्धांतील दोन मिनिटें. परंतु खरें महत्त्व होतें पंचाचें. दोन्ही पक्ष आपले हुकूम पंचाला लिहून देत, आणि ज्या तुकड्या प्रतिपक्षाला खरोखर दिसल्या असत्या, तेवढ्याच पंच नकाशावर मांडी. बाकीची सेना त्याच्या टिपणांत राही. जनरल स्टाफचे प्रमुख म्युफ्लिंग यांनीं हा खेळ पाहिला आणि सैन्यास त्याची शिफारस केली. त्याच्या कर्त्यानें मात्र १८२७ मध्यें आत्महत्या केली. खेळ त्याच्यामागें टिकला.

न दिसणाऱ्या सोंगटीचें मोल किती असूं शकतें, हें दुसऱ्या महायुद्धांत कळून आलें. अटलांटिक महासागरांत जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजांचे तांडे बुडवीत होत्या. १९४२ च्या आरंभीं ब्रिटिश आरमारानें लिव्हरपूल येथें कमांडर गिल्बर्ट रॉबर्ट्स यांच्या हाताखालीं एक शिक्षणकेंद्र काढलें. तेथें खोलीची जमीन हाच पट होता. संरक्षक जहाजांचे अधिकारी कनातींच्या मागें बसत. लहानशा भोकांतून त्यांना समुद्रावर दिसलें असतें तेवढेंच दिसे. नौदलांतील तरुण स्त्रिया खडूनें जहाजांचे मार्ग आंखीत. पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूनें, कीं जो कनातीमागून ओळखूं येऊं नये. अशाच खेळांतून ध्यानांत आलें, कीं पाणबुडी तांड्याच्या मागील बाजूनें आंत शिरून टॉर्पेडो सोडीत असावी. त्यावर ‘रासबेरी’ नांवाचा प्रतिडाव निघाला आणि तो जहाजांना शिकविण्यांत आला.

पुढें हे खेळ सैन्याच्या दालनांतून घराघरांत आले. अमेरिकेंतील ‘अ‍ॅव्हलॉन हिल’ या कंपनीनें १९७७ मध्यें ‘स्क्वॉड लीडर’ आणि १९८५ मध्यें ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर’ हे लहान तुकड्यांच्या लढाईचे खेळ काढले. पण घरच्या मेजावर माणसें दोनच; पंच आणावा कोठून? यावर या दुसऱ्या खेळानें योजिलेला उपाय साधा आहे. झाडी, इमारत अशा आडोशाला लपविलेली तोफ पटावर मांडावयाचीच नाहीं. ती कोणत्या षट्कोनी घरांत आहे, हें खेळ सुरू होण्यापूर्वीं एका कागदावर लिहून ठेवावयाचें. शत्रूचें पथक त्या घरांत शिरलें, किंवा तोफेनें त्याच्या नजरेसमोर जवळून मारा केला, कीं तिची सोंगटी पटावर येते. तोंवर समोरच्याला तेथें रिकामी झाडीच दिसते, आणि म्हणूनच प्रत्येक झाडीचें भय वाटतें.

श्रोतेहो, या कागदाचा विचार करा. प्रशियांत जें काम पंचानें केलें, तें येथें एक चिठ्ठी करते. शत्रू दुसऱ्याच वाटेनें निघाला म्हणून लपलेली तोफ मागाहून त्या वाटेवर सरकविणें, ही लबाडी पटावर कोणालाहि दिसणार नाहीं. म्हणून नियमाचा सारा भर ‘आधीं लिहा’ या दोन शब्दांवर आहे. जेथें बसलों तेथेंच होतों, हें लिहिलेल्या अक्षरानें सिद्ध करावयाचें.

बुद्धिबळांत प्रतिस्पर्ध्याच्या बुद्धीवर लक्ष ठेवलें म्हणजे पुरतें. येथें त्याच्या सचोटीवरहि विश्वास ठेवावा लागतो. त्याची सेना जितकी अदृश्य, तितका अधिक. शत्रूला फसविण्याचा हा खेळ, पण दोघेहि प्रामाणिक असल्याखेरीज तो मांडतांच येत नाहीं.