पराभूताची मिरवणूक

विजयी वीरास खांद्यावर घेऊन मिरवावे, हा प्रघात सर्वत्र आहे. परंतु विजेत्यांनीच पराभूतास खांद्यावर घ्यावे, असा प्रसंग विरळा. सप्टेंबर १९५६ मध्ये आयर्लंडची राजधानी डब्लिन येथील क्रोक पार्क मैदानावर तो घडला. हा मान लाभलेल्या खेळाडूचे नाव ख्रिस्ती रिंग.

रिंगचा खेळ हर्लिंगचा. हा आयरिश लोकांचा प्राचीन खेळ होय. दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा खेळाडू, प्रत्येकाच्या हाती टोकाशी रुंद असलेली लाकडी काठी, आणि कातड्याने मढवलेला लहान चेंडू. चेंडू गोलाच्या आडव्या दांड्यावरून गेला तर एक गुण, खालून गेला तर तीन. १८८४ साली स्थापन झालेली गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन या खेळाचा कारभार पाहते. खेळाडूस वेतन द्यावयाचे नाही, हा तिचा दंडक.

१९२० साली कॉर्क परगण्यातील क्लॉइन गावाजवळ जन्मलेला रिंग पोटासाठी एका तेल कंपनीची लॉरी चालवीत असे. मैदानावर मात्र त्याला तोड नव्हती. १९४१ ते १९५४ या काळात कॉर्कच्या संघातून त्याने अखिल आयर्लंड अजिंक्यपदाची आठ पदके मिळवली. त्यांपैकी तीन वेळा तो संघनायक होता. १९५४ चा अंतिम सामना पाहण्यास चौऱ्याऐंशी हजारांहून अधिक लोक लोटले होते. त्या दिवशी हरलेला संघ होता वेक्सफर्डचा.

दोन वर्षांनी तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. रिंगला नववे पदक खुणावीत होते. खेळ संपावयास थोडाच अवधी उरला होता आणि वेक्सफर्डची आघाडी अल्प होती. इतक्यात चेंडू रिंगच्या काठीस लागला. त्याने जोराचा टोला हाणला. पण गोलरक्षक आर्ट फोली याने तो अडवला. लगोलग वेक्सफर्डने पलीकडे गोल केला आणि वीस विरुद्ध चौदा गुणांनी सामना जिंकला.

मग आपला जयघोष बाजूस ठेवून वेक्सफर्डच्या निक ओडॉनेल व बॉबी रॅकर्ड यांनी रिंगला खांद्यावर उचलले आणि मैदानाबाहेर नेले. ज्याने आपल्याला हरवले होते, त्याच्याच तोडीचे होण्यासाठी आपण झटलो, याची ती प्रांजळ कबुलीच होती.

नववे पदक रिंगला कधीच मिळाले नाही. पुढे इतरांनी त्याची आठ पदकांची संख्याही ओलांडली. २ मार्च १९७९ रोजी तो निवर्तला, तेव्हा क्लॉइनच्या दफनभूमीत त्याचा जुना सहखेळाडू आणि त्या वेळचा आयर्लंडचा पंतप्रधान जॅक लिंच याने त्याला निरोप दिला. पदकांचे विक्रम मोडण्यासाठीच असतात. प्रतिस्पर्ध्याने मनापासून दिलेला मान मात्र कोणास हिरावून घेता येत नाही.